महाराज सयाजीराव आणि विद्येचा खर्च

बडोद्याच्या कोणत्याही मराठी संस्थेची स्मरणिका निघाली की तीत श्रीमंत सयाजीराव महाराजांवर एक लेख असावयाचाच, असा आता रिवाज पडला आहे. या रिवाजाचा एक तोटा असा की तो लेख न वाचताच पान उलटले जाते. कवळाण्याचे घर, दत्तकविधान, सुधारणांची यादी आणि शेवटी वंदन हा क्रम वाचकांना पाठ आहे. संपादक मंडळाने हा विषय माझ्याकडे सोपविला तेव्हा मी एवढीच सवलत मागून घेतली, की महाराजांच्या चौसष्ट वर्षांच्या राजवटीचा आढावा न घेता एका प्रश्नाच्या अंगाने त्यांचे चरित्र सांगावे. तो प्रश्न असा, की शिकणाऱ्याच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसावयाचा? दर वर्षी जून महिना आला की मध्यम स्थितीतल्या घरांतून हाच प्रश्न जेवणाच्या ताटावर चर्चेस येतो. बँकेच्या कर्जाचे अर्ज भरले जातात, आईचे दागिने बाहेर निघतात, आणि मुलीचे नाव कोणत्या अभ्यासक्रमाला घालावयाचे हे तिच्या गुणांपेक्षा शुल्काच्या आकड्यावरून ठरते. अशा वेळी महाराजांकडे केवळ पुतळा म्हणून पाहण्यापेक्षा एक हिशेबी राज्यकर्ता म्हणून पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

महाराजांचा जन्म मार्च १८६३ मधील, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील काशीराव हे त्यांचे वडील. घर शेतकऱ्याचे, मुलाचे नाव गोपाळराव. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव महाराजांना पदच्युत केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. कवळाण्याहून काशीरावांची मुले बडोद्यास आणविली गेली, त्यांतून गोपाळरावांची निवड झाली, आणि २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन ते सयाजीराव झाले. येथवरची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तिच्यातील एका तपशिलाकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. हा मुलगा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते.

बारा वर्षांच्या निरक्षर मुलाला अवघ्या सहा वर्षांत राज्यकारभाराला लायक करावयाचे, हे काम एफ. ए. एच. इलियट या मुलकी अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम सुरू झाल्या. जोडीला गणित, इतिहास, भूगोल, व्यायाम आणि घोडेस्वारी. कारभार पाहणारे दिवाण सर टी. माधवराव यांनी पुढे राज्यव्यवहाराचे पाठ दिले. इलियट यांच्या हाताखाली महाराजांबरोबर त्यांचे भाऊ आनंदराव आणि संपतराव हेही शिकत. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते, आणि हा तरुण इंग्रजी ग्रंथ स्वतः वाचीत होता. पुढे १८९६ मध्ये रोमन साम्राज्याच्या इतिहासावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले.

या शिक्षणाचा पैन् पै खर्च बडोद्याच्या खजिन्यातून झाला होता. तेव्हा राज्याच्या पैशाने शिकलेला बडोद्याचा पहिला मोठा विद्यार्थी कोण, असे मला कोणी विचारले तर मी आंबेडकरांच्याही आधी खुद्द महाराजांचे नाव घेईन. कवळाण्यात राहिले असते तर त्यांच्या हाती नांगर आला असता. बुद्धी तीच असती, पण तिला वाट मिळाली नसती. महाराजांना याची जाण आयुष्यभर राहिली असावी असे त्यांच्या कारभाराकडे पाहून वाटते. शिक्षणाच्या खर्चाच्या बाबतीत ते कधी दात्याच्या थाटात वागलेले दिसत नाहीत. फार तर कर्जाची फेड करणाऱ्याच्या थाटात वागलेले दिसतात.

अधिकार हाती आले तेव्हा बडोदे कॉलेजची पायाभरणी होऊन गेली होती. ती १८७९ च्या जानेवारीतील, म्हणजे माधवरावांच्या काळातील. रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने उभारलेली ती घुमटाची इमारत आजही स्टेशनवरून शहरात येणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते. तेथे मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांसाठी विद्यार्थी तयार होऊ लागले. पुढे १८९३ ते १९०६ या काळात अरविंद घोष बडोद्याच्या सेवेत होते आणि त्यांतील बरीच वर्षे त्यांनी या कॉलेजात फ्रेंच व इंग्रजी शिकविले. नंतर ते उपप्राचार्यही झाले. संस्थानातल्या कॉलेजात केंब्रिजमध्ये शिकलेला प्राध्यापक मिळणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. त्यासाठी वेतन द्यावे लागते आणि ते विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघत नाही.

कॉलेजपेक्षाही मला कलाभवनाची हकीकत अधिक बोलकी वाटते. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या आग्रहावरून १८९० मध्ये महाराजांनी ही संस्था काढली. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, सुतारकाम, वास्तुकला, चित्रकला हे विषय देशी भाषेतून शिकवावयाचे, अशी गज्जर यांची धारणा होती. ज्याला इंग्रजी येत नाही त्याने कारागीरच राहावे, अभियंता होऊ नये, हा त्या काळचा अलिखित नियम होता. कलाभवनाने तो मोडला. गुजराती पाठ्यपुस्तके आणि परिभाषा तयार करण्यासाठी राज्याने पैसा दिला. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या कलाशाळेतून बडोद्यास आले आणि कलाभवनात शिकले. गज्जर यांनी त्यांना तेथील छायाचित्रणाची प्रयोगशाळा वापरू दिली. १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र हा चित्रपट पडद्यावर आला. त्याचा उगम शोधीत गेल्यास त्या प्रयोगशाळेचा खर्चही आपल्याला हिशेबात धरावा लागेल. सरकारी हिशेबनिसाला १८९० च्या सुमारास जर विचारले असते की या विद्यार्थ्यावर केलेल्या खर्चाचा मोबदला काय, तर त्याला काय उत्तर देता आले असते? तेवीस वर्षांनी येणाऱ्या मोबदल्याला जमाखर्चाच्या वहीत रकाना नसतो. १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली निघालेल्या गायनशाळेविषयीही हेच म्हणता येईल.

उच्च शिक्षणावर खर्च करावयाचा की आधी खेड्यातल्या मुलाला अक्षरओळख द्यावयाची, हा वाद त्या काळी होता आणि आजही आहे. महाविद्यालयांचे अनुदान कमी करावयाचे झाले की प्राथमिक शाळेकडे बोट दाखविले जाते. प्राथमिक शाळेसाठी पैसे मागितले की तिजोरीकडे. महाराजांनी या वादात पक्ष घेतला नाही. १८९३ मध्ये अमरेली शहर आणि भोवतालच्या काही खेड्यांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. अमरेली हा सौराष्ट्रातला, बडोद्यापासून दूर पडलेला मुलूख. प्रयोग फसला तर बोभाटा कमी व्हावा, हाही विचार त्यामागे असेल. महाराज व्यवहारी होते. मध्यंतरी छप्पनचा दुष्काळ आला. १८९९-१९०० च्या त्या दुष्काळात गुजरातची कशी दैना झाली याच्या कथा जुन्या घरांतून अजून सांगितल्या जातात. महाराजांनी दुष्काळी भागाचा दौरा केला आणि त्यावर टिपणेही लिहिली. दुष्काळाने खजिन्याला ओढ लागली. शाळा मात्र बंद पडल्या नाहीत, आणि १९०६ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सबंध राज्याला लागू झाला.

या कायद्याचे पडसाद कलकत्त्यापर्यंत उमटले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ च्या मार्चमध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाती होता. ब्रिटिश मुलखात सरकार दरडोई जेवढे खर्चीत होते त्याच्या कित्येक पट बडोदे खर्चीत होते, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या देशी संस्थानिकांना इंग्रज अधिकारी मागासलेले समजत त्यांच्यापैकी एकाने हे केले, मग साम्राज्याला का परवडू नये, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. तरीही १९१२ च्या मार्चमध्ये सरकारी मतांच्या जोरावर ते विधेयक फेटाळले गेले. तिजोरीत पैसा नाही, हे कारण होतेच. खर्चाच्या यादीत शिक्षण कितव्या क्रमांकावर आहे ते पाहिल्यावाचून या कारणाचा अर्थ लागत नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

या स्मरणिकेच्या वाचकांना अधिक जवळची गोष्ट ग्रंथालयांची. १९०६ मध्ये महाराज अमेरिकेत गेले आणि तेथील सार्वजनिक वाचनालये पाहून आले. शाळेतून बाहेर पडलेला मुलगा वाचावयास काही मिळाले नाही तर शिकलेलेही विसरतो, ही अडचण सक्तीच्या शिक्षणाबरोबर त्यांच्यापुढे उभी राहिलीच होती. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावून घेण्यात आले. राजवाड्यातला महाराजांचा खासगी संग्रह, सुमारे २०,००० ग्रंथ, जनतेसाठी खुला होऊन मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया झाला. पुढे मांडवीजवळ उभारलेल्या इमारतीतील त्या लोखंडी मांडण्या आणि मजल्यामजल्यांवरची काचेची जमीन आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. लहानपणी त्या काचेवरून चालताना खालच्या मजल्यावरील माणसे धूसर दिसत आणि पाय टाकावयास भीती वाटे. तालुक्यांतून वाचनालये निघाली, खेड्यांकडे पेट्यांतून फिरती पुस्तके जाऊ लागली, आणि ग्रंथालयविषयक नियतकालिक १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघू लागले.

गावच्या वाचनालयाला पैसा कसा मिळे ते पाहण्यासारखे आहे. गावकऱ्यांनी ठराविक रक्कम गोळा केली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत घाली आणि तेवढीच राज्य घाली. म्हणजे एक हिस्सा लोकांचा, दोन हिस्से सार्वजनिक पैशाचे. पेटलादकडचे मोतीभाई अमीन यांनी आधीच मित्रमंडळ वाचनालये सुरू केली होती. या योजनेने त्या उत्साहाला आधार मिळाला. आज ज्याला जुळवणी अनुदान म्हणतात त्याचेच हे रूप, फक्त त्यातला सरकारी हिस्सा वर्षानुवर्षे अडकून पडत नसे! वर्गणीच्या वहीवर आणि सरकारी अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून जगणाऱ्या आपल्यासारख्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीला या उद्गारवाचक चिन्हाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आता शिष्यवृत्त्यांकडे वळतो. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना पैशावाचून अडले, तेव्हा बडोद्याच्या खजिन्यातून त्यांना महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९०१ मध्ये ते धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी ऑक्सफर्डला निघाले त्या वेळीही प्रवासखर्चास महाराजांचे साहाय्य झाले. परत आल्यावर त्यांनी बडोद्याची नोकरी धरली नाही. १९०६ मध्ये मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापून अस्पृश्यांच्या सेवेला वाहून घेतले. बडोद्याच्या प्रजेने भरलेला पैसा मुंबईच्या वस्त्यांत उपयोगी पडला, याबद्दल महाराजांनी कुरकूर केल्याचे कोठे वाचनात आलेले नाही.

दुसरा विद्यार्थी भीमराव रामजी आंबेडकर. मॅट्रिकच्या परीक्षेनंतर या हुशार मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे लक्ष गेले होते. पुढे कॉलेजच्या शिक्षणात वडिलांची ऐपत अपुरी पडू लागली तेव्हा केळुसकरांनी महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी मुलाला भेटीस बोलाविले, प्रश्न विचारले आणि महिना २५ रुपये मंजूर केले. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर आंबेडकर १९१३ च्या जानेवारीत बडोद्याच्या सेवेत दाखल झाले, पण थोड्याच दिवसांत वडील वारले. त्याच वर्षी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठविण्याचे महाराजांनी ठरविले. जूनमध्ये करार झाला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी. जुलैमध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या अभ्यासाला लागले. १९१५ मध्ये एम. ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला गेले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून करारानुसार बडोद्यास आले.

यापुढची हकीकत बडोदेकरांनी मान खाली घालून वाचावी अशी आहे. महाराजांच्या लष्करी सचिवाच्या हुद्द्यावर येणाऱ्या या विद्वानाला उतरावयास शहरात जागा मिळाली नाही. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून त्यांनी आसरा घेतला. कचेरीत त्यांच्याशी शिवाशिव पाळली जाई. दिवाणांकडे सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला, तो आज-उद्यावर पडत गेला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक धर्मशाळेत आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जाण्याची ताकीद देऊन गेले. दोन मित्रांची दारे ठोठावून झाली. दोघांनीही असमर्थता दाखविली. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत आंबेडकर कमाठी बागेत बसून राहिले. ती बाग आज सयाजी बाग म्हणून ओळखली जाते. ज्या राजाच्या पैशाने ते अमेरिकेस गेले त्याच राजाच्या राजधानीत, त्यानेच लोकांसाठी केलेल्या बागेत, त्यांनी ते काही तास काढले.

महाराजांच्या चरित्रकारांनी या प्रसंगावर पांघरूण घालण्याचा मोह टाळावयास हवा होता; सर्वांना तो टाळता आलेला नाही. १८८२-८३ पासून अस्पृश्यांसाठी शाळा काढणारे, सवर्ण शिक्षक मिळेनात म्हणून मुसलमान शिक्षक नेमणारे, १९०८ मध्ये पंजाबातून आर्यसमाजी पंडित आत्माराम यांना त्या शाळांसाठी आणविणारे महाराज आपल्याच कचेरीतल्या कारकुनाचे मन बदलू शकले नाहीत. खजिना न्यूयॉर्कचे शुल्क भरू शकतो, पण राहावयास एक खोली मिळवून देण्याची इच्छा हाताखालच्या माणसांत असावी लागते. उच्च शिक्षणाची सोय म्हणजे नुसती शुल्कमाफी नव्हे. वसतिगृह, खानावळ, पुस्तके, आणि वर्गात माणूस म्हणून वागविले जाणे, हा सारा त्या खर्चाचा आणि त्या जबाबदारीचा भाग आहे. बडोद्याने पहिला भाग उदारपणे उचलला. दुसऱ्यात ते अपुरे पडले.

या विद्यार्थ्याने पुढे याच प्रश्नावर जे सांगितले ते येथे नोंदविले पाहिजे. १९२७ च्या मार्चमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी शिक्षणखात्याची झडती घेतली. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या शुल्कातून उभी राहते, माध्यमिक शाळांचाही बराचसा खर्च शुल्कातूनच निघतो, हे आकडे त्यांनी मांडले आणि याला शिक्षणाचा व्यापार म्हटले. शिक्षणखाते हे जेवढा पैसा तेवढा माल अशा तत्त्वावर चालविण्याचे खाते नाही, आणि खालचे वर्ग आता कोठे शिक्षणाच्या दाराशी येत असताना त्यांच्यासाठी उच्च शिक्षण होता होईल तो स्वस्त ठेवणे हेच सरकारचे धोरण असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दारूच्या उत्पन्नातून सरकार लोकांकडून जेवढे घेते तेवढे तरी शिक्षणावर परत द्यावे, अशी त्यांची मागणी होती. ही भूमिका पुस्तकी नव्हती. महिना २५ रुपये मिळाले नसते तर आपण कोठे असतो, हे त्यांना ठाऊक होते.

महाराजांच्या पद्धतीतील एक उणीव मात्र याच तुलनेतून उघड होते. आंबेडकर हक्काची आणि धोरणाची भाषा बोलत होते. महाराजांच्या काळी विद्यार्थ्याचे नशीब शेवटी एका माणसाच्या पारखीवर अवलंबून होते. केळुसकर भेटले नसते तर? महाराज त्या आठवड्यात युरोपात असते तर? आणि ते वरचेवर असत. निद्रानाशाच्या विकारामुळे १८८७ पासून त्यांचे परदेशी दौरे सुरू झाले ते अखेरपर्यंत चालले, आणि त्या खर्चाबद्दल तेव्हाही टीका झाली. राज्यात धारासभा होती, पण तिचे अधिकार बेताचे. लक्ष्मीविलास राजवाड्याचा खर्च आणि शिष्यवृत्तीचा खर्च एकाच खजिन्यातून होई आणि त्या खजिन्यात कर भरणाऱ्या कुणब्याला दोहोंबद्दल कोणी विचारत नसे. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होता; तो दंड गरिबाच्याच माथी बसे. मुलींची सक्तीची वर्षेही मुलांपेक्षा कमी ठेवलेली होती. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. आपण जे करतो ते नियमाने बांधून घ्यावे, आपल्या लहरीवर ठेवू नये, हा महाराजांचा कल होता. शिक्षणाचा कायदा केला. वाचनालयांच्या अनुदानाचे प्रमाण ठरवून दिले. १९१२ मध्ये देशी भाषांतील ग्रंथांसाठी दोन लाख रुपये बाजूला काढले, तेही व्याजातून काम कायम चालावे अशा रीतीने. श्री सयाजी साहित्यमालेतील गुजराती आणि मराठी पुस्तके त्यातून निघाली. १९१६ पासून निघू लागलेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने राजशेखराची काव्यमीमांसा प्रथम जगापुढे आणली.

शेवटचा प्रश्न विद्यापीठाचा. बडोद्याचे स्वतःचे विद्यापीठ असावे ही कल्पना या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या पहिल्या दशकातली. १९२६ मध्ये त्यासाठी आयोगही नेमला गेला. पण महाराजांच्या हयातीत विद्यापीठ झाले नाही. त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठाला मदत केली, तेथील मध्यवर्ती ग्रंथालयाला त्यांचे नाव मिळाले. स्वतःच्या राजधानीतील कॉलेज मात्र अखेरपर्यंत मुंबई विद्यापीठाचे संलग्न कॉलेज राहिले. १९३६ मध्ये राजवटीला साठ वर्षे झाल्याचा हीरक महोत्सव साजरा झाला तेव्हा त्यांनी एक कोटी रुपयांचा निधी ग्रामीण जनतेच्या उन्नतीसाठी वेगळा काढला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

स्वतंत्र भारताने विद्येच्या खर्चाचा प्रश्न सोडविला, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के हिस्सा शिक्षणावर खर्च व्हावा असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला, कारण मधल्या ५४ वर्षांत तो गाठला गेला नव्हता. दरम्यान सरकारी महाविद्यालयांच्या आवारातच स्वअर्थसाहाय्यित या लांबलचक नावाचे वर्ग निघाले. त्या शब्दाचा सरळ अर्थ, खर्च मुलाच्या बापाने सोसावयाचा. जागा तीच, इमारत तीच, कित्येकदा शिक्षकही तेच. शुल्क मात्र कित्येक पट. माझ्या पिढीने बडोद्यात पदवी घेतली ती वडिलांच्या महिन्याच्या पगाराला फारसा धक्का न लागता. आमच्यापैकी अनेकांचे वडील गिरणीत किंवा रेल्वेत कामाला होते. त्या शुल्कात आमच्या शिक्षणाचा खर्च निघत नव्हता हे आम्हांला कळतही नव्हते. उरलेला कोणी भरला, याचा विचार मनात आला तो आमची मुले प्रवेशाच्या रांगेत उभी राहिली तेव्हा.

तो कोणी भरला याचे उत्तर १९४९ च्या कागदपत्रांत आहे. भारतात विलीन होण्याचा निर्णय झाला तेव्हा बडोदे राज्याचे थोडे दिवस उरले होते. महाराजांचे नातू प्रतापसिंहराव यांनी आजोबांनी बाजूला ठेवलेल्या कोटीच्या निधीतून विश्वस्त निधी उभा करून दिला आणि विद्यापीठाचा कायदा झाला. ३० एप्रिल १९४९ रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. बडोदे कॉलेज, कलाभवन, गायनशाळा, संस्कृत महाविद्यालय, प्राच्यविद्या मंदिर या साऱ्या संस्था विद्यापीठाच्या छत्राखाली आल्या, आणि कुलगुरूच्या खुर्चीवर बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची कन्या हंसाबेन मेहता बसल्या.